संगमनेर ते सोलंग : बिनकर्जाची सहल

आपल्या समाजाने प्रवास काही कमी केलेला नाही. आमच्या आजोबांची पिढी पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेली, कोणी उसाच्या फडावर गेले, कोणी रेल्वेच्या कामावर. त्यानंतरचा प्रवास झाला तो धम्मासाठी. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी. भाकरी फडक्यात बांधून, रेल्वेच्या दारात बसून आपल्या आयाबाया गेल्या आणि आल्या. पण पोटाचे काम नाही, लग्न-मयत नाही, सभा-मोर्चा नाही, केवळ आनंदासाठी सगळे घर उठून कुठे गेले, असे आमच्या घरात तीन पिढ्यांत घडले नव्हते. ते २०२५ च्या मार्च महिन्यात घडले. संगमनेरहून आम्ही चौघे हिमाचल प्रदेशातल्या मनालीजवळ सोलंगला बर्फ पाहायला आणि बर्फावर घसरायला जाऊन आलो. त्याची ही हकिकत. एखाद्या वाचक कुटुंबाला उपयोगी पडावी म्हणून हिशेबासह देत आहोत.

या बेताचे मूळ आमच्या धाकटीच्या हट्टात आहे. ती आठवीत असताना शेजारच्या घरी टीव्हीवर बर्फावरचा स्कीचा खेळ पाहून आली आणि म्हणाली, "पप्पा, हे खरं असतं का? आपण कधी जायचं?" आम्ही सवयीप्रमाणे "बघू" म्हणालो. आपल्या घरात "बघू" याचा अर्थ मुलांना चांगला कळतो. ती गप्प बसली. तिचे ते गप्प बसणे आम्हा उभयतांना रात्रभर टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी घरात विषय निघाला तेव्हा आमची आई म्हणाली, "आरं, बरफ बघायला दिल्लीच्या पल्याड जायचं? गोळेवाल्याच्या गाडीवर काय बरफ कमी हाय का?" आईचे काही चुकत नव्हते. तिचे सारे आयुष्य संगमनेरला विड्या वळण्यात गेले. तंबाखू, पाने, सूत आणि सूप यांच्यापलीकडे तिला सुट्टी ठाऊक नव्हती. विडी वळली तर पैसा, नाही वळली तर नाही.

विहारातल्या बैठकीनंतर एका सहकाऱ्यानेही हटकले. "कार्यकर्त्याच्या घराने असे पैसे उधळावेत का? समाजात अजून किती प्रश्न आहेत." हा प्रश्न आम्ही मनावर घेतला, कारण तो खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली बाबासाहेबांची. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला वर्षातून पगारी सुट्टी मिळावी यासाठी १९४४ मध्ये त्यांनी विधेयक मांडले आणि १९४५ मध्ये त्याचा कायदा झाला. कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला तो १९४६ मध्ये. माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय त्याचे मन वाढत नाही, हा विचार त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींविषयीच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना स्पष्ट मांडला आहे. ज्या पगारी रजेसाठी बाबासाहेब झटले, ती रजा आपण वर्षानुवर्षे लग्नाच्या पंगती वाढण्यात आणि सरकारी कचेऱ्यांच्या रांगेत घालवतो. ती एकदा मुलांसोबत घालवली तर त्यात उधळपट्टी कसली?

दुसरी गोष्ट तथागतांची. अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने मिळवलेले धन जवळ असण्याचे सुख, त्या धनाचा योग्य उपभोग घेण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. यात चौथे सर्वांत मोठे. पण दुसरे आणि तिसरे सुख शेजारी-शेजारी आहेत, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. उपभोग घ्यावा, पण ऋण नसावे. आमचे ठरले. सहल करायची, पण एक रुपयाही उसना घ्यायचा नाही, पतपेढीची पायरी चढायची नाही आणि मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही.

बँकेत दरमहा १,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते दोन वर्षांच्या मुदतीने उघडले. हे दीड हजार आणायचे कुठून? दोन दिवाळ्यांना नवे कपडे फक्त मुलांना घेतले. मोटारसायकल आठवड्यातून तीन दिवस घरी ठेवून कचेरीत पायी गेलो. वाढदिवसाचे केक बंद करून घरी खीर केली. मुदत संपली तेव्हा ३६,००० मुद्दल आणि व्याज मिळून सुमारे ३८,४०० रुपये हाती आले. थोरल्याची बारावी आणि धाकटीची दहावी एकाच वर्षी आली होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोघांच्या परीक्षा संपल्या. १४ एप्रिलच्या जयंतीची कामे सुरू होण्याआधी परत यायचे होते. म्हणून मार्चअखेरचे नऊ दिवस ठरवले.

कुठे जायचे याचाही विचार केला. काश्मीरमधले गुलमर्ग स्कीसाठी सर्वांत नावाजलेले, पण आमच्या खिशाला लांबचे. उत्तराखंडातले औली चांगले, परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचून घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद पडला. मनालीला दिल्लीहून थेट एस.टी.सारखी सरकारी बस जाते, स्वस्त खोल्या मिळतात आणि सोलंग तिथून चौदा किलोमीटरच्या आत आहे. मार्च सरत आला की सोलंगच्या खालच्या उतारावरचा बर्फ वितळू लागतो. तिथे तो नसला तर अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये सापडतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यामुळे हे शक्य झाले आहे. जानेवारीत बर्फ भरपूर, पण थंडी आणि भावही तसेच चढे. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाला मार्च महिना सोयीचा.

पायांना सवय व्हावी म्हणून फेब्रुवारीत एका रविवारी शेजारच्या अकोले तालुक्यात बारी गावाकडून कळसूबाई चढलो. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. सोलंगचे पठार सुमारे अडीच हजार मीटरवर, म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखराहून आठशे मीटर वर! हे सांगितल्यावर धाकटीने कळसूबाईवर उभे राहून हात वर केला आणि विचारले, "म्हणजे अजून एवढं वर?"

आपल्या संगमनेरला रेल्वे नाही. एस.टी.ने नाशिकरोड गाठले. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट असल्याने मायलेकींचे भाडे निम्मेच लागले. पुढे मंगला एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यातून दिल्लीचे हजरत निजामुद्दीन. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, त्याच दिवशी तिकीट काढले म्हणून चारही जागा एकत्र मिळाल्या. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भडंग आणि आईने केलेले लाडू. गाडीत एक पैसा खाण्यावर गेला नाही.

दिल्लीत मनालीची बस काश्मीरी गेटच्या बसस्थानकावरून संध्याकाळी होती. हातात अर्धा दिवस होता. तिथून मेट्रोचे पुढचे स्टेशन सिव्हिल लाइन्स. तिथे उतरून आम्ही २६, अलीपूर रोड गाठले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ती ही जागा. तिथे १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारक खुले झाले, उघड्या पुस्तकाच्या आकाराचे, म्हणजे आपल्या संविधानाच्या. मुले एरवी एवढे बोलतात, पण तिथे दोघेही शांत होती. थोरला बाहेर आल्यावर म्हणाला, "आजीला इथं आणायला पाहिजे होतं." मनालीला जाणाऱ्या प्रत्येक धम्मबांधवाने दिल्लीतला वेळ या जागी द्यावा, ही विनंती.

रात्रभर साधी बस घाटातून वळत राहिली. सहचारिणीला उलट्यांचा त्रास झाला. आवळा सुपारी आणि लिंबू जवळ होते म्हणून निभावले. मनालीत मॉडेल टाऊन भागात एक साधी खोली मिळाली, गरम पाण्यासह रोज ११००. त्या दिवशी कुठे न जाता विश्रांती घेतली. उंचावर गेल्यावर पहिला दिवस शरीराला द्यावाच.

सोलंगच्या रस्त्यावर भाड्याच्या कपड्यांची रांगच रांग आहे. प्रत्येक दुकानाला क्रमांक असतो. अंगभर जाड कपडे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट माणशी २५० रुपयांत ठरले. तिथेच एका दलालाने आम्हाला गाठले. स्की, बर्फावरची स्कूटर, टायरवरची घसरण, सगळे मिळून माणशी अडीच हजार! आम्ही नम्रपणे सांगितले, आम्हाला फक्त स्की करायची आहे आणि तीही एकच तास. शेवटी माणशी ६०० रुपयांवर एका स्थानिक तरुणाशी जमले. तो उन्हाळ्यात घरच्या सफरचंदाच्या बागेत राबतो आणि बर्फ पडला की पर्यटकांना स्की शिकवतो.

आता पैसे मोजायचे तेवढ्यात थोरला मागे सरकला. "पप्पा, मला नको. छोटीला करू द्या. मी फोटो काढतो."

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. या मुलाने लहानपणापासून हेच केले. सहावीच्या सहलीला "मला नको", नव्या बुटांना "मला नको". आम्ही कौतुकाने म्हणायचो, पोरगा किती समजूतदार! तो समजूतदारपणा नव्हता. बापाच्या खिशाकडे पाहून स्वतःची इच्छा गिळण्याची ती सवय होती, आणि ती आम्हीच लावली होती. आम्हाला ती आईकडून मिळाली, तिला तिच्या आईकडून. आम्ही त्याला सांगितले, "बाळा, हे पैसे दोन वर्षांपूर्वीच तुझ्या नावाने बाजूला काढलेत. कोणाच्या तोंडचा घास नाही यात." तो म्हणाला, "मग तुम्ही आणि मम्मी?" आम्ही पटकन म्हणालो, "आम्हाला नको." दोन्ही मुले आमच्याकडे पाहून हसू लागली. मग चौघांचेही पैसे दिले.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब अरुंद फळ्या. कडक बूट त्यात अडकवतात, पडलो तर ते आपोआप सुटतात. हातात दोन काठ्या. त्या तरुणाने आधी पडायलाच शिकवले. कडेवर पडायचे, मागे नाही. उठताना फळ्या उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरतो. मग थांबायला शिकवले. पुढची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, की वेग कमी होतो. धाकटी तिसऱ्या खेपेला वीस-पंचवीस पावलांचे अंतर न पडता गेली. थोरला आठ वेळा पडला आणि आठही वेळा हसत उठला. आम्हा उभयतांचे म्हणाल तर आम्ही उभे राहिलो तेच पुष्कळ. सहचारिणी पडल्या आणि बर्फातच बसून इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आले. लग्नाला वीस वर्षे झाली, पण त्यांना असे हसताना आम्ही फार थोड्या वेळा पाहिले आहे.

हा श्रीमंतांचा खेळ असे आपण मानतो. पण 'स्की' हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेत चिरलेल्या लाकडाच्या फाळीसाठी होता. बर्फाळ मुलखातले शिकारी, शेतकरी, निरोपे यांची ती चालण्याची साधी सोय होती. आजही मनालीजवळच्या बुरुवा गावच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले, ते स्कीतले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक. शिकण्याची खरी इच्छा असलेल्या तरुणांसाठी मनालीत १९६१ पासून सरकारी पर्वतारोहण संस्था आहे, तिचे हिवाळ्यात स्कीचे वर्गही असतात. एका तासात स्की येत नाही. पण आपल्याला येऊ शकते, एवढे मात्र त्या एका तासात मुलांना कळले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणि बर्फ. बोगद्याचा रस्ता बंद. टॅक्सीला आगाऊ पैसे न देण्याचा शहाणपणा कामी आला. हिमालयात एक दिवस हातचा राखावाच लागतो. त्या दिवशी आम्ही जवळच्या तिबेटी गोंपात गेलो. तो तिबेटी निर्वासितांनी उभारलेला आहे. रंगीत पताका, तुपाचे दिवे, फिरवायची चक्रे. धाकटीने हळूच विचारले, "पप्पा, हे आपल्यासारखंच आहे का?" आम्ही सांगितले, रीत वेगळी आहे. आपण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणारे. पण समोर बसले आहेत ते तथागत तेच, आणि घरदार सोडून आलेल्या या माणसांनाही त्यांचाच आधार आहे. आम्ही एका बाजूला बसून हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले. एका वृद्ध लामांनी ते ऐकून हात जोडले. ना त्यांना मराठी येत होती, ना आम्हाला तिबेटी.

तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि बोगदा ओलांडून आम्ही लाहौलमधल्या सिस्सूला गेलो. अलीकडे देवदाराची हिरवी झाडे, पलीकडे सगळे पांढरे. रस्त्याच्या कडेला परप्रांतातले मजूर फावड्याने बर्फ ओढत होते. आपल्या मौजेचा रस्ता कोणाच्या तरी हातांनी मोकळा होतो, हे मुलांना मुद्दाम दाखवले. थोरल्याने आमच्याकडचे उरलेले लाडू त्यांना नेऊन दिले. तिथूनच आईला फोन लावून बर्फ दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कापसावानी दिसतंय. पोरांच्या पायात मोजं हायेत ना?"

आता हिशेब, चौघांचा, जाऊन-येऊन :

एस.टी., संगमनेर–नाशिकरोड : ७२०
रेल्वे, स्लीपर : ४,७६०
दिल्ली–मनाली साधी बस : ७,६००
खोली, चार रात्री : ४,४००
जेवण, चहा : ६,५००
टॅक्सी व स्थानिक बस, मेट्रो : ३,४००
भाड्याचे कपडे-बूट, दोन दिवस : २,०००
स्की : २,४००
मोजे, हातमोजे, औषधे, किरकोळ : २,०००
एकूण : ३३,७८०

जाणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. हातमोजे आणि लोकरी मोजे घरून न्यावेत, तिथे महाग पडतात. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. बर्फावरून येणारे ऊन डोळ्यांना भाजते, काळा चष्मा सर्वांना हवा. पाय ओले होऊ देऊ नयेत. कोणताही भाव आधी ठरवावा, वेळ किती आणि त्यात काय-काय मिळणार हे विचारून घ्यावे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात पैसा नसताना कर्ज काढून जाऊ नये. बर्फ वितळतो, हप्ता वितळत नाही.

३८,४०० मधून सुमारे ४,६०० उरले. दोन हजार जयंतीच्या वर्गणीला दिले. विहारातल्या त्या सहकाऱ्याने पावती फाडताना विचारले, "काय, किती कर्ज झालं?" आम्ही हिशेबाची वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि आवर्ती ठेवीचे खाते कसे उघडायचे ते विचारून घेतले.

बाकीच्या पैशातून आम्ही नवे खाते उघडले. मुलांनी पुढच्या खेपेला बुद्धगयेचे नाव काढले. आई पाटावर बसून फोनमधले फोटो पाहत होती. थोरला स्कीवरून पडल्याचा फोटो तिने पुन्हा पुन्हा पाहिला. मग मान वर न करता म्हणाली, "त्या पुस्तकात ह्या टायमाला माझं बी नाव घाला."

आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितले. आता दरमहा दीड हजाराऐवजी अठराशे भरतो.